व्हीपीएन ‘कनेक्टेड’, तरी ऑफिस उघडेना

धारूरमध्ये घरी बसून मी पुण्यातल्या एका ऑफिसचे हिशेब सांभाळतो. सगळा डेटा तिथल्या कॉम्प्युटरवर. मी व्हीपीएन लावतो आणि रिमोट डेस्कटॉपनं त्यावर काम करतो. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर असताना हे बंद पडलं, तर पुणं गाठायला बराच वेळ जातो. म्हणून कळकळीनं सांगतो, ‘कनेक्टेड’ दिसूनही कॉम्प्युटर उघडत नसेल तर पासवर्ड बदलत बसू नका. बिघाड घरात आहे, वाटेत आहे की ऑफिसात, हे आधी ठरवा.

घरी फायबर घेतलं तेव्हा आमच्याकडे नेमकं हेच झालं. हिरवी खूण यायची, पण ऑफिसचा कॉम्प्युटर सापडायचा नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच उघडायचा. सगळ्यांनी दोष फायबरला दिला. केबल बदलून झाली, राउटरही बदलून झाला. लाइन मुळात ठणठणीतच होती. घरच्या राउटरचा पत्ता होता १९२.१६८.१.१ आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्येही १९२.१६८.१ चेच पत्ते. लॅपटॉपला ऑफिसातला १९२.१६८.१.२० हवा असायचा, पण तो पत्ता त्याला घरातलाच वाटायचा. मग व्हीपीएनच्या वाटेनं जाण्याऐवजी तो घरातच शोधत राहायचा.

हे पत्ते १९९४ पासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत, ते कुणीही वापरावेत. बरेच राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ लावून येतात, त्यामुळे अशी टक्कर ठरलेली. हॉटस्पॉट वेगळे पत्ते देत होता, म्हणून तिथे चालायचं. घरच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.७७.१ टाकलं, राउटर बंद करून चालू केला आणि काम सुरू झालं. खरं तर ऑफिसनंच आपले पत्ते बदलावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरचा राउटर कोण बदलत फिरणार? ‘हॉटस्पॉटवर चालतं, वायफायवर नाही’ असं कुणी म्हणालं, की पहिल्यांदा दोन्हीकडचे पत्ते शेजारी लिहून बघा.

कॉम्प्युटर नावानं सापडत नाही, पण आकडी पत्त्यानं उघडतो, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीचा. पिंग जातो, लॉगिनही होतं आणि मग पडदा काळाच राहतो, तर एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा संशय घ्या. इथरनेटचं पॅकेट साधारण १५०० बाइटचं असतं. व्हीपीएन त्यावर आपलं वेष्टण चढवतो, मग मोठी पॅकेट वाटेत गळतात आणि लहान पोचतात. व्हीपीएनचा एमटीयू १३०० च्या आसपास आणला तर बहुतेकदा सुटतं.

यातलं काहीच जमत नाही असं दिसलं, की कुणीतरी सुचवतं, ‘व्हीपीएन सोडा, ऑफिसच्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट उघडा.’ हे कधीही करू नका. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसनं ते केलं. एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली होती, एकही उघडेना आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची डिस्क त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली, तीही गेली. इंटरनेटवर उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. २०१९ च्या मे महिन्यात तर रिमोट डेस्कटॉपमध्येच असा दोष सापडला, की पासवर्डाशिवाय आत शिरता यावं. तो इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टनं बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. रिटर्नला उशीर झाला तर विलंब शुल्क भरता येतं. गेलेले हिशेब कुठून आणणार?

राहिला ऑफिसातला कॉम्प्युटर. तो झोपला असेल तर इथून कितीही खटपट करा, सहसा उठणार नाही. स्लीप बंद ठेवा. वीज गेली आणि आली की तो आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बायोसमध्ये असते, ती लावून घ्या. त्याचा पत्ता राउटरमध्ये पक्का करा, नाहीतर रीस्टार्टनंतर बदलू शकतो. आणि तिथे बसणाऱ्या एका माणसाला बटण कुठलं दाबायचं ते आधीच दाखवून, त्याचा नंबर जवळ ठेवा.