कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी कसे झाले?

पुणे–मिरज मार्गावरच्या किर्लोस्करवाडी स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. १९१० साली भोवताली काय होते? माळ आणि निवडुंग! बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्जही दिले. माळ उजाड खरा, पण शेजारी रेल्वे होती. ओतकामाला बीड आणि कोक लागतो. तो बैलगाडीने किती लांबून आणणार? तयार मालही रेल्वेनेच गावोगाव जायचा. आधी लोखंडी नांगर, पुढे उसाचे चरकसुद्धा.

नांगराला गिऱ्हाईक मात्र सहज मिळाले नाही. बेळगावात पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी आपल्याच वाडवडिलांची समजूत. (लाकडी नांगराचा फाळ लोखंडीच असे, हे कुणी ध्यानात घेतले नाही!) खोल नांगरटीने हरळी वर येते, उसाची मुळी खाली जाते, हे रानात दिसल्यावर शंका फिटली.

रेल्वेने स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी केले. १९७१ साली मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली.