स्लॅबचे काँक्रीट : आधी ब्रास काढा, मग पोती सांगा



उसाचे बिल हाती आले की गावोगावी घरांचे पाये खणले जातात. गटात पाहणीला गेलो की खोडव्याचे बोलणे बाजूला राहते आणि सभासद विचारतात, "साहेब, स्लॅबला पोती किती आणू?" मी शेतकी पदविकेचा माणूस, बांधकाम हा काही माझा विषय नव्हे. परंतु या हिशेबात मी स्वतः ठेच खाल्लेली आहे, म्हणून लिहितो.

माझ्या घराचा स्लॅब ३० फूट बाय २० फूट, जाडी ५ इंच. मी कागदावर मांडले : ६०० चौरस फूट, त्याला ५ इंच जाडी, म्हणजे २५० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा अडीच ब्रास काँक्रीट. त्याप्रमाणे ५८ पोती सिमेंट आणून रचले. दुपारी चारच्या सुमारास पोती संपली आणि पाव हिस्स्याहून जास्त स्लॅब उघडाच. तालुक्याहून टेंपो येईतो अंधार पडला, मिक्सरवाला आणि गडी निघून गेले. काँक्रीटची तिरकी कड तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी जोड दिला. पावसाळ्यात आजही त्याच रेषेतून पाणी ठिबकते आणि खाली पातेलं ठेवावं लागतं. एकरी खताची पोती लोकांना तोंडपाठ सांगणारा मी, त्यामुळे घरच्यांचे टोमणे मुकाट्याने ऐकतो.

चूक कुठे झाली? मी स्लॅब मोजला, बीम मोजले नाहीत. स्लॅब आणि बीम एकाच वेळी भरले जातात. माझ्याकडे चारी बाजूंचे मिळून १०० फूट आणि मधला एक २० फुटी, असे १२० फूट बीम होते. बीमची रुंदी ९ इंच, उंची १५ इंच. त्यातले वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजले गेले, खाली उरले १० इंच. पाऊण फूट गुणिले दहा भागिले बारा, म्हणजे फुटामागे ०.६२५ घनफूट. १२० फुटांचे ७५ घनफूट, म्हणजे तब्बल पाऊण ब्रास! सज्जे आणि जिन्याची पायरी त्याच दिवशी भरणार असाल तर तेही यात धरावे. २५० आणि ७५ मिळून ३२५. सांडलवंड आणि सेंट्रिंगचा फुगवटा यासाठी शेकडा ५ धरले की ३४० घनफूट, अर्थात ३.४ ब्रास.

आता ब्रासवरून पोती. येथे दुसरा घोटाळा होतो. एक पायली हरभरा आणि एक पायली ज्वारी एकत्र केली तर दोन पायली भरत नाही, ज्वारी हरभऱ्याच्या फटीत बसते. तसेच खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट जाते. म्हणून १०० घनफूट ओल्या काँक्रीटला कोरडा माल साधारण १५४ घनफूट लागतो. एकास दीड, तीन या प्रमाणात साडेपाच भाग होतात, एक भाग २८ घनफूट. ५० किलोचे पोते सुमारे सव्वा घनफुटाचे. हिशेब असा बसतो की एका ब्रासला २३ पोती सिमेंट, ४२ घनफूट वाळू, ८४ घनफूट खडी. एवढे तीन आकडे डायरीत लिहून ठेवले तरी पुरे. माझ्या घराला ७८ पोती, १४३ घनफूट वाळू आणि २८६ घनफूट खडी हवी होती. मी आणली ५८ पोती.

काही मिस्त्री अजून एकास दोन, चार सांगतात. त्यात ब्रासला १८ पोतीच लागतात, म्हणून ऐकायला गोड वाटते. पण भारतीय मानकाच्या आय.एस. ४५६ या संहितेने सन २००० पासून लोखंडी काँक्रीटला किमान एम-२० दर्जा सांगितला आहे आणि त्याला ढोबळमानाने एकास दीड, तीन हेच प्रमाण धरतात. स्लॅबची जाडी आणि लोखंड मात्र इंजिनिअरने नकाशावर लिहून द्यावे. तेथे शेजाऱ्याचे घर बघून अंदाज करू नये.

वजनकाट्यावर पाव टनासाठी भांडणारे आपण, वाळूची ट्रॉली मात्र न मोजता उतरवून घेतो. ट्रॉली आतून १० फूट बाय ६ फूट असेल तर सपाट केलेला माल २० इंच भरला म्हणजे एक ब्रास. टेप लावा, लाजू नका. शिवाय दमट वाळू फुगते. काचेच्या बरणीत ती २० सेंटिमीटर भरा, पाणी ओतून ढवळा. बसल्यावर १६ सेंटिमीटर झाली तर वाळू शेकडा २५ फुगलेली होती. मग १४३ च्या जागी १७९ घनफूट घ्यावी लागेल. मिक्सरजवळही तेच. एक फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट खोल अशी लाकडी पेटी करून घ्यावी. पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेटी खडी. वाळू वरीलप्रमाणे फुगलेली असेल तर दीडच्या जागी पावणेदोनपेक्षा थोडी जास्त. घमेल्याच्या अंदाजावर सोडू नये, संध्याकाळी घमेली रिकामी रिकामी होत जातात.

इतके करूनही माल कमी पडलाच, तर गाळ्याच्या मधोमध फळी उभी लावून सरळ कड ठेवावी आणि इंजिनिअरला विचारूनच थांबावे. माझ्यासारखी तिरकी कड सोडू नये.

पाण्याचाही हिशेब धरा. पोत्यामागे २५ ते २७ लिटर, ७८ पोत्यांना दोन हजार लिटर. काम सोपे जावे म्हणून गडी जास्त पाणी ओततात, ते करू देऊ नये. नंतर स्लॅबवर वाफे बांधून दोन इंच पाणी उभे करायचे तर ६०० चौरस फुटांना एका वेळी सुमारे २,८०० लिटर लागते. उन्हाळ्यात ते किमान १० दिवस सुकू द्यायचे नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवावी आणि त्या दिवसाची उसाची पाळी एक दिवस पुढे ढकलावी.

— ऊस विकास अधिकारी