सुनावणीची वाट पाहू नका

राजापूर तालुक्यातल्या एका गावाने जनसुनावणीसाठी फाइल तयार ठेवली होती. निळी, नाडीची. आत निवेदन, त्याखाली सह्या-अंगठे, सातबाऱ्याच्या झेरॉक्स आणि कोणी कोणानंतर बोलायचं याची यादी. यादीत पहिलं नाव प्रस्तुत लेखकाचं, कारण 'कायद्यातलं कळणारा' ही त्याची गावातली ख्याती. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, साठ हेक्टरांत बंगल्यांची वसाहत येणार होती. "कलेक्टर येतील, आपल्याला विचारतील, तेव्हा बोलू. आता उगाच दगदग कशाला?" हे वाडीवाडीत जाऊन त्यानेच सांगितलं.

सुनावणी झालीच नाही. ती व्हायचीच नव्हती.

पर्यावरण मंजुरीचा कारभार चालतो तो केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर. वीस हजार चौरस मीटरपासूनच्या बांधकामाला मंजुरी लागते. क्षेत्र पन्नास हेक्टर किंवा बांधकाम दीड लाख चौरस मीटर झालं की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा सविस्तर अहवालही द्यावा लागतो. पण मोठ्या खाणीसाठी जी जनसुनावणी घेतात, तिच्यातून बांधकामं आणि वसाहती वगळल्या आहेत. कायद्यातलं कळणाऱ्याने ही ओळ वाचली ती मंजुरी निघाल्यावर.

मंजुरीची जाहिरात वर्तमानपत्रात आली ती नेमकी गणपतीत. ग्रामपंचायतीकडे आलेली प्रत महिनाभर फलकावर लावायची असते, ती टपालाच्या गठ्ठ्यातच राहिली. हाती पडली तेव्हा एक्केचाळीस दिवस उलटले होते. राष्ट्रीय हरित लवादात अपिलाची मुदत तीस दिवसांची, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत. म्हणजे दार अजून किलकिलं होतं. पुण्यातल्या वकीलबाईंनी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं, "सड्यावर पाणी असतं हे दाखवणारं यात काय आहे?"

सह्या होत्या. पाणी नव्हतं.

अहवालात मात्र सड्याचं वर्णन सविस्तर होतं: पडीक, खडकाळ, झाडोरा विरळ, प्रवाह नाही. लेखकाचा आधी संताप झाला, मग लक्षात आलं की यातलं एकही वाक्य सरळसरळ खोटं नाही. पाहणी डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतली होती. मूलभूत माहिती एका ऋतूची आणि तीही पावसाळा सोडून घेण्याचीच आपल्याकडे वहिवाट आहे. फेब्रुवारीत सडा म्हणजे करपलेलं गवत आणि तापलेला कातळ. सातबाराही त्याला पोटखराबाच म्हणतो. तोच सडा ऑगस्टमध्ये पाहावा. खळग्याखळग्यांत पाणी, त्यात बेडकांची पिल्लं, कडेने गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर. कातळ पाणी पितो आणि सावकाश खाली सोडतो. सड्याच्या कडेला लेखकाच्या वाडीचा झरा आहे, पोफळीच्या पन्हळीतून हंड्यात पडणारा. मे महिन्यात धार करंगळीएवढी होते, पण तुटत नाही. अहवालात त्या झऱ्याला जागा नव्हती, कारण तो प्रकल्पाच्या हद्दीबाहेर पंचवीस पावलांवर होता.

हद्दीबाहेरच्या गोष्टींना कागदावर किती वजन असतं, याचा धडा कोकणाला लागूनच आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली. अर्जात पंधरा किलोमीटरपर्यंतची संवेदनशील क्षेत्रं नोंदवायची असतात. राखीव वनं, तोडावी लागणारी झाडं आणि सीमेपलीकडचा सिंधुदुर्गातला संवेदनशील पट्टा नीट उघड केला नव्हता, हे न्यायालयाने गंभीर मानलं. जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली आणि आज तिथून विमानं उडतात. पण अर्जातला तो रकाना किती महत्त्वाचा, हे कायमचं नोंदलं गेलं.

तेव्हा सड्यावर मोजणीच्या खुंट्या दिसल्या की सुनावणीची तारीख विचारत बसू नये. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर अर्ज दिसतो. तो उघडून आधी दोन गोष्टी पाहाव्या: पाहणी कोणत्या महिन्यांतली आणि सीमेबाहेर काय काय नोंदलं. अहवाल शेजारी ठेवून भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा बघावा. उन्हाळ्यात आटणारे ओढेही त्यात रेघांनी दाखवलेले असतात, त्यामुळे 'प्रवाह नाही' या वाक्याची तिथेच परीक्षा होते. हरकत लेखी द्यावी, राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समितीची शिफारस होण्याआधी, आणि पोच घ्यावी. सुनावणी नाही म्हणून पत्राला बंदी नाही. सह्या दहा कमी चालतील, पण कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती हात पाणी, हा तक्ता हवाच. आमसभेतली भाषणं (त्यात लेखकाचं एक होतं, टाळ्याही बऱ्या पडल्या) कुठल्याच कागदावर उरत नाहीत.

अपील दाखल झालं नाही. पुरावा गोळा करायला पावसाळा लागला असता आणि तोवर मुदत थांबणार नव्हती.

तुमच्या गावाला सडा असेल तर जूनपासून दर पंधरवड्याला एकाच ठिकाणी उभं राहून, तारीख उमटेल असे फोटो काढून ठेवा. कुठला प्रकल्प आला नसला तरी.