ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

माझे घर भोसरीत आहे. आमच्या घराण्याची वस्ती इथलीच. आजोबांच्या वेळी इथे शेती होती. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे भोसरीच्या माळावर कारखाने उभे राहिले. आजोबा औत हाकीत होते. मी कारखान्यात प्रेसवर काम करतो. पत्रा कापायचा, दाबायचा, वाकवायचा. दिवसभर धाड धाड आवाज. तिथे ओरडून बोलल्याशिवाय शेजारच्याला कळत नाही. मग घरीही तीच सवय लागते. मी साधे पाणी मागितले तरी शेजाऱ्यांना वाटते, भांडण लागले!

भोसरी हे पैलवानांचे गाव. मीही लहानपणी तालमीत जात होतो. मला पहिली मुलगी झाली. तीन वर्षांनी मुलगा झाला. मनात म्हटले, याला पैलवान करायचा.

दोन मुले, दोन तऱ्हा

थोरली दहाव्या महिन्यात चालू लागली. वर्षाची झाली तेव्हा आई, बाबा, भू भू असे बोलू लागली. कोणी पाहुणा आला की लगेच त्याच्या मांडीवर. पडली तरी उठून पुन्हा पळायची.

धाकटा पंधराव्या महिन्यात चालला. पाहुणा आला की आईच्या पदराआड. दोन वर्षांचा झाला तरी बोलणे आठ-दहा शब्दांचेच. तेही अर्धवट. त्याला चिंचोक्यांचे फार वेड. एका जागी बसून चिंचोक्यांची रांग लावी. मोठे एकीकडे, बारके एकीकडे. तास तास त्यातच.

माझी आई म्हणायची, "अरे, तूबी उशिराच बोललास. पोराला घाई करू नको."

चालण्याबाबत आईचे म्हणणे खरे होते. कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी सतराव्या. दोन्ही मुले निरोगी असतात. एकाच झाडाचे आंबे एकाच दिवशी पिकत नाहीत. पण बोलण्याची गोष्ट वेगळी होती. ती आम्हाला कळली नाही.

माझा हात उठला

धाकटा अडीच वर्षांचा झाला. त्याची आई हाक मारी, "बाळा, जेवायला ये." हा मान वरसुद्धा करीत नसे. चिंचोके लावीत बसे. ती दोनदा बोलवी, चारदा बोलवी. मग मला म्हणे, "अहो, तुमचंच तेवढं ऐकतो हा. माझं मुळीच ऐकत नाही."

मला त्यात मोठेपणा वाटायचा. मी एक हाक दिली की पोर वळून बघते. बापाचा धाक असावा तर असा!

एके दिवशी मी कामावरून दमून आलो होतो. तो दाराकडे पाठ करून बसला होता. मी चप्पल काढता काढता नेहमीपेक्षा हळू म्हणालो, "बाळा, सरक." तो सरकला नाही. पुन्हा म्हणालो. तरी नाही. माझे डोके फिरले. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तो दचकला. मागे वळून माझ्याकडे बघू लागला. रडला नाही. नुसता बघत राहिला. आपण काय केले, हे त्याला कळतच नव्हते. त्याचे ते बघणे मला अजून आठवते.

अंगणवाडीच्या ताई

थोरली तेव्हा अंगणवाडीत जात होती. धाकट्याला वजन करायला तिथे नेत. एकदा सुट्टी होती म्हणून मी घेऊन गेलो. ताईंनी वजन केले. कार्डावरच्या रेघेत टिंब काढले. वजन ठीक होते. मग त्या म्हणाल्या, "दादा, जरा थांबा."

त्या त्याच्यासमोर बसल्या. बाहुली दाखवून बोलल्या. तो ताईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग ताई उठून त्याच्या मागे गेल्या. हलक्या आवाजात त्याचे नाव घेतले. तो वळला नाही. पुन्हा घेतले. तरी वळला नाही.

मी म्हणालो, "ताई, हट्टी आहे तो. कुणाचं ऐकत नाही."

ताई म्हणाल्या, "दादा, ऐकत नाही असं म्हणू नका. त्याला ऐकू येतं का, ते आधी बघा. तुमचा आवाज मोठा. तो त्याच्यापर्यंत पोचतो. वहिनींचा आवाज बारीक. तो पोचत नसेल."

माझ्या अंगावर काटा आला. जो मला माझा धाक वाटत होता, तो धाक नव्हताच. तो माझ्या प्रेसचा आवाज होता.

कानात काय झाले होते?

आम्ही त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर बाईंनी कान तपासले. यंत्रावर तपासणी केली. मग आम्हाला समजावून सांगितले.

कानाच्या पडद्यामागे एक लहान पोकळी असते. तिच्यात हवा असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूस जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की ती बुजते. मग त्या पोकळीत पाणी साचते. हवेच्या जागी पाणी आले की आवाज नीट पुढे जात नाही. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचे बोलणे आपल्याला जसे वाटते, तसे मुलाला वाटते.

हा आजार बहुधा दुखत नाही. म्हणून मूल रडत नाही. आणि रडले नाही, की आईबापांना कळत नाही. मुलाला वाटते, जग असेच असते. ते कोणाला काय सांगणार?

आई म्हणाली, "कोमट तेल घातलं तर?"

डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजी, कानात तेल घालू नका. काडी, पिन घालू नका. पाणी पडद्याच्या आत आहे. तेल तिथवर पोचत नाही. उलट इजा होते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात विडी ओढता का? धुरानंसुद्धा मुलांचे कान बिघडतात."

मी खाली बघितले. त्या दिवसापासून घरात विडी बंद.

पुष्कळ मुलांचे हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. आम्हीही तीन महिने वाट पाहिली. पण त्याचे पाणी ओसरले नाही. मग लहानशी शस्त्रक्रिया केली. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढले. तिथे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान नळी बसवली. ती नळी बहुधा काही महिन्यांनी आपोआप गळून पडते.

मृगाचा पाऊस आला तेव्हा तो घरात खेळत होता. आमच्या घरावर पत्रे आहेत. पत्र्यावर टप टप सुरू झाले. त्याने मान वर केली. हातातला चिंचोका तसाच राहिला. मग आईकडे बघून वर बोट केले आणि हसला. त्याची आई पदराने डोळे पुसत होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

पुढे सहा महिन्यांत तो दोन-दोन, तीन-तीन शब्द जोडून बोलू लागला.

बोलू लागला, पण स्वभाव तोच

मला वाटले, आता हा थोरलीसारखा होईल. कान बरा झाला. आता लाजणे जाईल.

तसे झाले नाही. पाहुणा आला की तो अजूनही पदराआड जातो. मी त्याला तालमीत नेले. तो दारातच बसला. आत यायला तयार नाही. मी ओढू लागलो. तो रडू लागला. वस्ताद म्हणाले, "ओढू नका त्याला. पोरगं आखाडा बघतंय. बघू द्या."

तपासणीसाठी पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेलो, तेव्हा मी विचारले, "बाई, अजून काही दुखणं राहिलंय का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "हे दुखणं नाही. हा स्वभाव आहे." मग त्यांनी एक माहिती दिली.

1956 साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात दोन डॉक्टरांनी एक काम हाती घेतले. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस अशी त्यांची नावे. ते नवराबायको होते. शंभराहून जास्त मुलांवर त्यांनी तान्हेपणापासून ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवले. त्यांना दिसले की मूल पहिल्या महिन्यांपासूनच आपली तऱ्हा दाखवते. काही मुले सहज रुळतात. काही चटकन चिडतात. काही मुले नव्या माणसापाशी आधी मागे सरतात, मग हळूहळू रुळतात. पुष्कळ मुलांत या तऱ्हांची सरमिसळ असते. यातली कुठलीही तऱ्हा वाईट नाही. घर मुलाच्या स्वभावाला धरून वागले, की मूल फुलते. घर रोज त्याच्या उलट वागले, की मूल बिघडते.

"तुमचा मुलगा हळूहळू रुळणारा आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "त्याला वेळ द्या."

मुलाच्या अंगणात जा

ही गोष्ट मी अंगणवाडीच्या ताईंना सांगितली. ताई म्हणाल्या, "दादा, आमची अंगणवाडी याच विचारातून निघाली."

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. त्या बालपणी विधवा झाल्या होत्या, तरी शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. गरिबांची मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा या बाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ. महागडी खेळणी नव्हती. मग पाने, बिया, शिंपले, खडे हीच खेळणी झाली. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे 1975 साली सरकारची योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

मी मनात म्हटले, आपण इतके दिवस उलटेच केले. पोराला आपल्या आखाड्यात ओढत होतो. त्याच्या अंगणात कधी बसलोच नाही.

त्या रात्री मी त्याच्याजवळ खाली बसलो. तो चिंचोके लावीत होता. मीही एक लावला. त्याने तो उचलला आणि दुसऱ्या रांगेत ठेवला. म्हणाला, "बाबा, हा बारका." माझी चूक त्याने दुरुस्त केली होती!

आता मी तालमीत जातो तेव्हा तो सोबत येतो. दारात बसतो. एक दिवस तो आपणहून उठला. आखाड्यातली मूठभर लाल माती घेतली. हातात चुरली, नाकाला लावली आणि पुन्हा दारात जाऊन बसला. मी काही बोललो नाही. पैलवान होईल तर होईल. नाही झाला तर दुसरे काही होईल. आखाड्यात उड्या मारते ती आमची थोरली. 2016 साली साक्षी मलिकने ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले. मुलींनी कुस्ती खेळू नये, असे आता कोण म्हणेल?

ध्यानात ठेवा

मूल लाजरे असते, धीट असते, शांत असते, चळवळे असते. हा स्वभाव. त्याला औषध नको. त्याला मारू नका, हिणवू नका. दुसऱ्या मुलाशी तोलू नका.

पण काही खुणा स्वभावाच्या नसतात. त्या दिसल्या तर वाट पाहू नका :

सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नाही.
नऊ-दहा महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नाही.
वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी बघत नाही.
दीड वर्षाचे मूल चालत नाही, किंवा एकही शब्द बोलत नाही.
दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नाही.
बोलता येणारे मूल बोलायचे थांबते.

अशा वेळी अंगणवाडीत सांगा. सरकारी दवाखान्यात दाखवा. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात मुलांची तपासणी फुकट होते.

मी मुलाला म्हणत होतो, ऐकत नाही. खरे तर मीच त्याचे ऐकत नव्हतो. मूल तोंडाने सांगत नाही, तेव्हाही ते काहीतरी सांगत असते.

प्रश्न

1. मुलगा बापाच्या हाकेला वळत होता, आईच्या हाकेला वळत नव्हता. असे का?
2. कानात तेल का घालू नये?
3. ताराबाई आणि अनुताई यांनी शाळा अंगणात का नेली?
4. तुमच्या घरातल्या दोन मुलांचे स्वभाव कसे वेगळे आहेत? पाच ओळी लिहा.