शेक संपल्यावर

१. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. परळच्या टाटा रुग्णालयात पाच आठवडे बाहेरून शेक, म्हणजे रेडिएशन, मग आतून. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. शेवटच्या दिवशी कसारा लोकलने आसनगावला उतरले तेव्हा वाटलं, सुटले. पण मशीन बंद झालं तरी शेकाचं काम आत चालूच राहतं. योनीची कातडी कोरडी, चिवट होते, वाट आकसते. दोन महिन्यांनी, रात्री दुखून रक्त आलं, तेव्हा मला हे कळलं.

२. तपासणीला गेले की मी नुसतं "खाली ओढतं" म्हणायचे आणि दुखण्याची गोळी घेऊन यायचे. एकदा डोळे मिटून बोलून टाकलं, "मालकांजवळ जाता येत नाही." सिस्टरनी पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं. हे आधीच सांगायला हवं होतं.

३. त्यांनी दाखवला डायलेटर: टोकाला गोल, गुळगुळीत प्लास्टिकची कांडी, बारीक ते जाड. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर सुरू करायची. पाण्यात विरघळणारी जेली लावून, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. घरचे आवणीला गेले की मी आडवी व्हायचे. पहिल्या दिवशी मांड्या लाकडासारख्या ताठ झाल्या. श्वास सोडत सोडत बोटाच्या पेराएवढीच आत गेली. धुऊन, पुसून कांडी स्टीलच्या डब्यात, डबा कणगीमागे. चार महिन्यांनी दुसऱ्या मापावर आले.

४. ही कांडी नवऱ्यासाठी नसते. मुरबाडला दिलेल्या माझ्या वन्संना हाच आजार झाला. त्या विधवा. "मला काय करायचीय ती?" म्हणाल्या. वाट बंद झाली तर डॉक्टरांना आत तपासता येत नाही, आजार उलटला तरी दिसत नाही, हे मी त्यांना समजावलं. आता त्यांच्याकडेही डबा आहे.

५. मालक लांब झोपायचे. मला वाटायचं, मन उडालं. त्यांना भीती होती, आजार लागेल, शेक अंगात असेल. तपासणीला सोबत नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर लागत नाही, शेकही उरत नाही. परतीच्या गाडीत ते ठाण्यापर्यंत गप्प होते. मग हळूच विचारलं, "फार दुखायचं का गं?"

६. शेकामुळे पाळी 38 व्या वर्षीच कायमची गेली. अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. त्यावरही औषध असतं, विचारा.

७. सुरुवातीला कांडीला रक्ताचा ठिपका दिसू शकतो. रक्त वाढलं, घाण वास आला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. दुसऱ्या दिवशी पहाटेची लोकल पकडा.