वर्गसोबती हेही शिक्षकच

मूल शाळेंत जाऊं लागलें म्हणजे त्याला एक शिक्षक मिळाला, असें आपण समजतों. वस्तुतः त्याला पुष्कळ शिक्षक मिळालेले असतात. वाचावयास गुरुजी शिकवितात. परंतु आपली पाळी येईपर्यंत थांबणें, दुसऱ्याचें बोलणें पुरें ऐकून घेणें, खेळांत हरल्यावर न रुसणें, भांडण झाल्यावर पुन्हां बोलूं लागणें, हे धडे बरोबरीचीं मुलेंच देतात. घरीं आई त्याला सांभाळून घेते. खोखोच्या पटांगणावर तसें कोणी करीत नाहीं.

पण हेच शिक्षक कठोरही होतात. परगांवाहून आलेल्या, निराळी बोली बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्या उत्तराला वर्ग हंसला, तर तें दुसरें उत्तर देतच नाहीं. मग तें मंद आहे असें सर्वांस वाटतें आणि हळूहळू त्यालाही तसेंच वाटूं लागतें.

यावर उपाय कोणता? मुलांना एका ओळींत बसविलें म्हणजे झालें काय? अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत, ऑस्टिन शहरीं, १९७१ सालीं गोरीं, काळीं व मेक्सिकन वंशाचीं मुलें नव्यानेंच एका वर्गांत आलीं, तेव्हां मारामाऱ्या होऊं लागल्या. एलियट ॲरन्सन नांवाच्या मानसशास्त्रज्ञांनीं वर्ग पाहिले, तों एकाची चूक ही दुसऱ्याची संधि झालेली दिसली. त्यांनीं मुलांचे लहान गट केले, धड्याचे भाग पाडले व गटांतील प्रत्येकाला एकेक भाग दिला. तो त्यानें इतरांस शिकवावयाचा. परीक्षा मात्र प्रत्येकाची सगळ्या धड्यावर. आतां अडखळणाऱ्या सोबत्यास हंसून चालेना. त्याला नीट प्रश्न विचारून बोलतें करणें भाग पडलें. थोड्याच आठवड्यांत मुलांचा परस्परांविषयींचा लोभ वाढला व मागें पडलेल्यांचा अभ्यासही सुधारला.

तात्पर्य, नुसतें शेजारीं बसणें पुरेसें नाहीं. एकमेकांवांचून अडेल असें काम मुलांना मिळालें पाहिजे. शाळेची बाग लावणें, गांवाचा नकाशा काढणें, धडा वांटून घेऊन एकमेकांस समजावून देणें, हीं कामें लहानशा खेड्यांतील शाळेसही जमण्याजोगीं आहेत.

आम्हां वडील मंडळींकडेही यांतील कांहीं भाग येतो. शाळेंतील दुपारच्या जेवणाच्या पंगतींत एखादें मूल "मी त्याच्याजवळ बसणार नाहीं" असें म्हणतें, तेव्हां तें वाक्य बहुधा त्याचें स्वतःचें नसतें. तें घरून आलेलें असतें. वर्गांत काय शिकलें जावें हें पुष्कळ अंशीं आमच्या ओसरीवर ठरतें.

विचार करण्याकरितां प्रश्न

१. आमच्या मुलाच्या वर्गांत नेहमीं एकटें बसणारें मूल कोणतें, हें आम्हांस ठाऊक आहे काय?

२. मुलाला किती गुण मिळाले हें आम्ही विचारतों. आज त्यानें कोणास मदत केली, हें कधीं विचारतों काय?