किडनी प्रत्यारोपण: पॅकेजच्या पलीकडचा खर्च

प्रश्न: माझ्या पतींचे (वय ४२) डायलिसिस चालू आहे. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत. रुग्णालयाने ऑपरेशनचे पॅकेज सांगितले आहे. तेवढे पैसे जमवले की पुरेत का?

उत्तर: नाही, ताई. पॅकेजमध्ये बहुधा ऑपरेशन आणि ठरावीक दिवसांचा मुक्काम एवढेच असते. त्याआधीची क्रॉसमॅच (दोघांचे रक्त जुळते का याची तपासणी), सासूबाईंचा सीटी अँजिओ, दोघांची औषधे त्यात धरली आहेत का, हे लेखी घ्या.

मोठा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या नवी किडनी चालेल तोवर रोज घ्याव्या लागतात. पहिल्या काही महिन्यांत डोस जास्त आणि रक्ततपासण्याही वरचेवर; पुढे दोन्ही कमी होतात. हात आखडला म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अशाने शरीर किडनी नाकारते आणि माणूस पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीवर येतो. स्वस्त ब्रँड हवा असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बदलू नका.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रत्यारोपण बसते, पण योजनेतल्याच रुग्णालयात. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) दाखल होण्याआधी भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा.

आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे वेगळे काढून ठेवा.